रिपोर्टला तीन दिवस का लागतात?

परळ हे नाव आपल्या खेड्यांतून कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एके काळी साताऱ्या-कोल्हापूरकडचा आणि कोकणातला गाव म्हटला की त्याची दोन-चार माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत असायचीच. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, चाळींच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. पण गावाकडच्या माणसाचे परळला जाणे थांबलेले नाही. आता तो जातो ते दुखणे घेऊन. कोणी केईएममध्ये, कोणी टाटामध्ये, तर कोणी लेकराला घेऊन वाडियामध्ये.

समजा, तुमच्यावरही ती वेळ आली. घरातल्या मुलाला आठ-दहा दिवस ताप आहे, मधूनच पोट बिघडते, अन्नावरची वासना उडाली आहे. तालुक्याच्या गावी औषधे झाली, गुण नाही. शेवटी मुंबईच्या पाहुण्यांकडे उतरलात आणि पहाटे उठून मोठ्या इस्पितळाची रांग धरलीत. डॉक्टरांनी तपासले, रक्त घ्यायला सांगितले, हातात झाकणाची एक बाटली दिली आणि म्हणाले, "ह्यात शौचाचा नमुना आणून द्या. कल्चर करायचे आहे. रिपोर्ट तीन-चार दिवसांनी मिळेल."

तीन-चार दिवस! तुमच्या मनात येते, रक्तातल्या साखरेचा आकडा तर तासाभरात सांगतात. मग एवढ्याशा बाटलीत असे काय आहे की त्याला चार दिवस लागावेत? तोवर पाहुण्यांकडे किती दिवस राहायचे? गावाकडे गुरांना वैरण कोण टाकणार?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्याला, म्हणजे शेती करणाऱ्यांना, इतर कोणाहूनही लवकर पटेल. कारण त्या तीन दिवसांत प्रयोगशाळेतली माणसे चक्क शेती करीत असतात. ती पेरतात, विरळणी करतात, उगवण पाहतात, तण कोणते आणि पीक कोणते ते ओळखतात आणि निवडलेले बी पुन्हा पेरतात. फक्त त्यांचे शेत हाताच्या पंजाएवढ्या बशीत मावते.

आपल्या आतड्यांत अब्जावधी जंतू राहतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे असतात. एक ग्रॅम शौचातसुद्धा ते अब्जांनी मोजावे लागतात. त्या गर्दीत विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, थोडेसे जंतू लपलेले असले तर ते शोधायचे कसे? सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावे म्हटले तर आतड्यातला नेहमीचा रहिवासी 'कोलाय' हा जंतू आणि टायफॉइडचा जंतू दोघेही सारख्याच आखूड काड्यांसारखे दिसतात. रंग दिला तर दोघेही एकच रंग घेतात. भाताच्या खाचरात भातासारखेच दिसणारे तण असते ना, तसा हा प्रकार. लोंबी बाहेर पडेपर्यंत जुनाजाणता शेतकरीही फसतो. जंतूंना तर लोंबी येत नाही. मग त्यांना ओळखायचे कशावरून?

ओळखायचे त्यांच्या खाण्यावरून. ही युक्ती काय आहे ते सांगण्यापूर्वी परळमधल्याच एका जुन्या वाड्याची हकीगत सांगतो, कारण ती ह्या विषयाला लागूनच आहे.

गव्हर्नरचा बंगला

केईएमपासून थोड्या अंतरावर आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. तिची मुख्य इमारत पाहिली तर ती प्रयोगशाळा वाटत नाही. वाटणार तरी कशी? पोर्तुगीजांच्या काळात तेथे ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ होता आणि पुढे इंग्रजांच्या राज्यात तो मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला झाला. १८८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सर जेम्स फर्ग्युसन हे गव्हर्नर होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे. त्यांची पत्नी मुंबईत पटकीने वारली. पटकी म्हणजे कॉलरा, आपल्याकडे जिला मरीआईचा कोप म्हणत असत तीच. पहारेकरी, बागबगीचे आणि इंग्रज डॉक्टर दिमतीला असलेल्या घरातली बाई एका आतड्याच्या जंतूने नेली. गव्हर्नरांनी पुढे मलबार पॉइंटला बिऱ्हाड हलवले. पटकीचा तो जंतू रॉबर्ट कोख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळा काढून दाखवला तो १८८४ साली, आपल्याच देशात, कलकत्त्याला.

तो ओस पडलेला बंगला १८९९ साली वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाला. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा हाफकिननी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. हे पुष्कळांना ठाऊक असते. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि घरातल्या बायांना ती ऐकून गंमत वाटेल. प्लेगचे जंतू वाढवायला हाफकिन मांसाचा रस्सा वापरीत आणि त्यावर तुपाचे थेंब सोडीत. जंतू त्या थेंबांना खालून धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे धागे रश्शात लोंबू लागत. पारंब्या दिसल्या की प्लेगचे जंतू आहेत, अशी ती ओळख. भांडे हलवले की पारंब्या गळून तळाशी जात आणि वर नव्या फुटत.

जंतूला ठरावीक अन्न द्यायचे आणि त्यावर तो काय करतो ते पाहून त्याचे नाव सांगायचे, ही युक्ती म्हणजे हीच. प्लेगचा जंतू काही आतड्याचा नव्हे, पण आतड्याच्या जंतूंसाठी त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक माणूस हाच विचार करीत होता.

कोकमाच्या रंगाची बशी

त्याचे नाव आल्फ्रेड मॅकॉन्की. लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याच्या तपासणीचे काम त्याच्याकडे होते. गटारातल्या पाण्यात नेहमीचा कोलाय कोणता आणि टायफॉइडचा जंतू कोणता, हे वेगळे काढायचे होते. १९०० साली त्याने आपली कृती छापली आणि पुढच्या पाच वर्षांत ती सुधारली. सव्वाशे वर्षे होत आली, पण परळच्या काय किंवा जिल्ह्याच्या इस्पितळातल्या काय, प्रयोगशाळेत तुमचा नमुना सर्वांत आधी बहुधा मॅकॉन्कीच्या बशीवरच पसरला जातो.

ही बशी कशी करतात ते पाहू या. आधी लागते ते घट्ट करणारे द्रव्य. कोखच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला ह्यासाठी जिलेटिन वापरीत, पण उन्हाळा आला की ते वितळे आणि सगळ्या जंतूंची खिचडी होई. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे ह्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी फळांची जेली करीत, ती मात्र उन्हाळ्यातही टिके. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून त्यांना हे गुपित समजले होते. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला 'अगार' त्या वापरीत. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात 'चायना ग्रास' म्हणून जी पांढरी पट्टी मिळते, तीच ही वस्तू. १८८१ साली फॅनीबाईंनी ती नवऱ्याला सुचवली आणि सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा आजतागायत चायना ग्रासवर चालल्या आहेत. कोखने अगारचा उल्लेख केला, बाईंचा केला नाही. असो.

तर ह्या अगारात प्रथिने पचवून केलेली भुकटी घालतात. ती कोणत्याही जंतूची भाकरी. थोडे मीठ घालतात. मग येतात मॅकॉन्कीच्या डोक्यातल्या तीन गोष्टी: पित्तातले क्षार, दुधातली साखर आणि एक रंग.

पित्त का? तर ते तणनाशकाचे काम करते. धुळीतले, कातडीवरचे, हवेतले पुष्कळसे जंतू पित्ताने मरतात किंवा वाढतच नाहीत. आतड्यातल्या जंतूंना मात्र जन्मभर पित्ताची सवय असते, त्यांना त्याचे काही वाटत नाही. म्हणजे बाहेरून उडून आलेले बी रुजत नाही, आतड्यातले तेवढे रुजते.

दुधातली साखर का? येथे तुमचे विरजण आठवा. दुधात विरजण घातले की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट होते. कोलाय जंतूलाही ही साखर खाता येते. टायफॉइडच्या जंतूला येत नाही आणि रक्ती आव पाडणाऱ्या शिगेला ह्या जंतूलाही सहसा येत नाही. ही साखर फोडायला जे पाचकद्रव्य लागते, ते त्यांच्यापाशी नसते. ताट समोर असूनही त्यांना ते खाता येत नाही. मग ते नुसत्या भुकटीवर वाढतात आणि आम्ल काही होत नाही.

आता राहिला रंग. 'न्यूट्रल रेड' हा रंग आम्ल लागले की लालगुलाबी होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तशातलाच प्रकार, फक्त येथे काम आम्लाचे आहे.

हे सगळे मिश्रण मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, १२१ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात आणि झाकणाच्या उथळ बशांत ओततात. थंड झाले की पातळ कोकम सरबताची जणू वडी पडते.

पेरणी, विरळणी आणि निवड

पहिला दिवस पेरणीचा. तारेचे बारीक कडे ज्योतीत लाल करून निववतात, नमुन्याचा कणभर भाग त्यावर घेतात आणि बशीच्या एका कडेला फासतात. मग कडे पुन्हा तापवून, निववून, त्या फासलेल्या जागेतून थोडे ओढत पुढे नेतात. असे तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी जंतू विरळ होत जातात. ही विरळणी नीट झाली नाही तर सगळे दाटीने उगवून एकच गोधडी तयार होते आणि कोणालाच ओळखता येत नाही. नीट झाली तर शेवटच्या ओळींत एकेक जंतू सुटा पडतो. बशी ३७ अंशांच्या उबेत, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेइतक्या पेटीत, रात्रभर राहते. कोलायसारखा जंतू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. अठरा-वीस तासांत एका जंतूचे कोट्यवधी होऊन डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली की दूध-साखर खाणाऱ्या कोलायचे ठिपके मोहरीएवढे, गुलाबी. न खाणाऱ्यांचे ठिपके फिके, पाण्याच्या थेंबासारखे. सूक्ष्मदर्शकाला जे जमले नाही, ते आता कोणालाही खिडकीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसते. शोध असतो तो ह्या फिक्या ठिपक्यांचा.

पण फिका म्हणजे टायफॉइड, असे लगेच म्हणायचे नाही बरे का. फिके ठिपके काही निरुपद्रवी जंतूंचेही असतात. गुलाबी ठिपक्यांचीही एक अडचण आहे. कोलायच्या काही जाती लहान मुलांना आणि वासरांनाही हगवण लावतात, पण बशीवर भला कोलाय आणि बुरा कोलाय दोघेही गुलाबीच. बशीने सांगितले त्यापेक्षा जास्त वाचायला गेलो तर फसगत होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरणी. फिका ठिपका सुईच्या टोकाने उचलून वेगवेगळ्या नळ्यांत टाकतात. त्यातली एक नळी तुमच्या ओळखीच्या मालाची आहे. तिच्यात युरिया असतो, होय, तोच. काही जंतू युरिया फोडून अमोनिया करतात. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तोच वास. अमोनिया झाला की ह्या नळीतला पिवळट रंग गुलाबी होतो. टायफॉइडचा आणि शिगेला हे दोघेही युरियाला हात लावत नाहीत. नळी गुलाबी झाली तर तो फिका ठिपका त्यांचा नव्हे.

दुसरी नळी तीन साखरांची. दुधातली, उसाची आणि द्राक्षातली. शिवाय लोखंडाचा क्षार आणि गंधकाचा एक क्षार. नळी तिरपी ठेवून घट्ट केलेली, म्हणजे वर उतार आणि खाली खोल भाग. सकाळी तिच्याकडे पाहून जाणकार माणूस अर्धे निदान करतो. सगळी नळी पिवळी आणि आत वायूचे बुडबुडे असले तर तो कोलाय असण्याचा संभव मोठा. खाली पिवळे, वर लाल, वायू नाही, काळेपणा नाही, तर शिगेलाचा संशय. खाली पिवळे, वर लाल, वायू नाही आणि दोहोंच्या मध्ये मिसरुडासारखी काळी रेघ, तर टायफॉइड. ती काळी रेघ म्हणजे जंतूने गंधकापासून केलेल्या वायूचा लोखंडाशी झालेला संयोग. साचलेल्या गटारातला गाळ काळा का असतो, त्याचेही कारण हेच.

मग तिसऱ्या दिवशी काचपट्टीवर जंतू घेऊन त्यात टायफॉइडविरोधी रक्तद्रवाचा थेंब टाकतात. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या तर शिक्कामोर्तब. आजकाल मोठ्या प्रयोगशाळांत अशी यंत्रे आली आहेत की ठिपक्यातला कण दिला तर काही मिनिटांत जंतूचे नाव सांगतात. पण तो ठिपका आधी बशीत उगवावाच लागतो. पीक उभे राहिल्याशिवाय यंत्र तरी काय कापणार?

एक काम अजून राहते आणि रोग्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे. दुसऱ्या एका बशीवर हा जंतू सगळीकडे पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. जे औषध लागू पडते, त्या टिकलीभोवती झाडाच्या आळ्यासारखे मोकळे वर्तुळ राहते. आळे नाही म्हणजे ते औषध ह्या जंतूपुढे पाणी. १९४८ पासून टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे रामबाण समजले जाई. १९७२ साली केरळात कालिकतला त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची साथ आली. पुढे आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचीही आपल्या देशात आज तीच गत झाली आहे. म्हणून "मागच्या वेळी भावाला ह्याच गोळ्यांनी बरे वाटले होते" ह्या हिशेबाला आता अर्थ उरलेला नाही.

हा झाला चौथा दिवस.

पटकीची बशी वेगळी

पटकीचा संशय असला तर कोकमाच्या रंगाची बशी बाजूला ठेवून हिरवी बशी घेतात. आपण मातीपरीक्षणाला नमुना देतो, तेव्हा सामू किती ते कळते. पटकीचा जंतू म्हणजे खारपड जमिनीतले पीक. इतर जंतू जेथे तग धरत नाहीत, अशा साडेआठच्या वरच्या सामूत तो खुशाल वाढतो. हिरव्या बशीचा सामू ८.६ ठेवलेला असतो, पित्तही असते आणि साखर असते ती उसाची. पटकीचा जंतू उसाची साखर खातो, आम्ल होते आणि हिरव्या बशीवर पिवळेधमक ठिपके उठतात. नमुना लांबून यायचा असेल तर तो जगवून ठेवायची युक्ती १९४१ साली वेंकटरमण आणि रामकृष्णन ह्या आपल्याकडच्याच शास्त्रज्ञांनी काढली: समुद्राचे जाडे मीठ घातलेले अल्कधर्मी पाणी.

पण पटकीत बशीची वाट पाहत बसायचे नसते, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब सुरू झाले की काही तासांत माणूस सुकून जातो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे पाकीट, ते नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. हे पाणी घोटाघोटाने पाजत पाजत दवाखाना गाठायचा. रिपोर्ट गावच्या विहिरीसाठी आणि शेजाऱ्यांसाठी लागतो. रोग्याला आधी पाणी लागते.

धडधाकट माणूस आणि पित्ताची पिशवी

मॅकॉन्कीने पित्त घातले ते तण मारायला. पण टायफॉइडच्या जंतूला पित्त नुसते सोसत नाही, तर पित्ताशय हे त्याचे आवडते घर आहे. टायफॉइड होऊन गेलेल्यांपैकी शंभरात दोन-चार जणांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षे मुक्काम करतो. माणूस धडधाकट, ताप नाही, तक्रार नाही. पण शौचावाटे जंतू बाहेर पडतच असतात.

न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. ती ज्या घरी कामाला जाई, तेथे टायफॉइड निघे. १९०७ साली सरकारी प्रयोगशाळेने तिच्या शौचात जंतू शोधून काढले. बाईला ते पटेना, मी आयुष्यात आजारी पडले नाही म्हणे. तिला एका बेटावर ठेवले, १९१० साली स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर सोडले. १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली. पुढे १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच होती. मला विचाराल तर तिच्याशी फार कठोर वागले. तिची चूक होती, पण उदरनिर्वाहाचे दुसरे साधन तिला कोणी दिले नाही. आज अशा माणसाला बेटावर धाडत नाहीत. औषधांनी बहुतेक जण मोकळे होतात आणि पित्ताशयात खडे असले तर कधी कधी शस्त्रक्रिया करतात. पण आधी ते सापडावे लागतात आणि ते सापडतात बशीवर.

आपल्याकडे लग्नाच्या पंक्तीला, सप्ताहाच्या प्रसादाला, यात्रेत गावचे चार जण मिळून रांधतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी गावात चार-पाच घरी ताप निघाला तर आरोग्य केंद्राचे लोक रांधणाऱ्यांचेही नमुने मागतात. त्यावरून राग धरू नये. ज्याच्या नमुन्यात जंतू निघेल त्याच्याकडे बोट दाखवणे तर मुळीच नको. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते.

हीच बशी तुमच्या विहिरीसाठी

मॅकॉन्कीचे काम सुरू झाले ते सांडपाण्यापासून, हे वर आलेच आहे. पिण्याच्या पाण्याची तपासणीही त्याच धर्तीवर चालते. पाण्यात टायफॉइडचा जंतू शोधत बसत नाहीत. तो थोडा असतो, सापडेलच असे नाही. शोधतात कोलायला. कोलाय सापडला म्हणजे पाण्यात कोठून तरी माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळली, हे नक्की. आज निरोगी माणसाची मिसळली, उद्या आजाऱ्याची मिसळेल. ह्यासाठी दूध-साखर आणि रंग घातलेल्या नळ्यांत पाणी सोडतात. आत एक चिमुकली नळी उपडी ठेवलेली असते. आम्ल झाले की रंग बदलतो, वायू झाला की उपड्या नळीत बुडबुडा धरला जातो. मग पुन्हा ४४ अंशांवर वाढवून पाहतात. एवढ्या उष्णतेत मातीतले सोबती बहुधा मागे पडतात आणि आतड्यातला कोलाय टिकतो.

काही गावांतून तुम्ही याहून सोपी वस्तू पाहिली असेल. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत येणारी छोटी बाटली, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून रात्रभर उबेला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाणी काळे झाले तर ते दूषित. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव ह्या शास्त्रज्ञांनी ही चाचणी जगापुढे मांडली. आतली युक्ती तीच गंधक आणि लोखंडाची, तीन साखरांच्या नळीतली काळी रेघ. तज्ज्ञ नको, वीज नको. बाटली काळी झाल्यावर टीसीएल पावडर किती टाकायची आणि विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा कोणाचा, ह्यावर ग्रामसभेत वाद होतात. ते होऊ द्या, पण बाटली लपवू नका.

नमुना देताना

आता पुन्हा तुमच्या हातातल्या त्या बाटलीकडे येऊ. तीन दिवसांची सगळी मेहनत तिच्यात काय येते त्यावर अवलंबून असते.

सर्वांत मोठी अडचण आधी घेतलेल्या औषधांची. गावात कोणीतरी दोन दिवसांच्या कॅप्सूल दिलेल्या असतात. त्यांनी रोग बरा होत नाही, पण जंतू अर्धमेले होतात आणि बशीवर उगवत नाहीत. रिपोर्ट येतो, काही वाढले नाही. ताप मात्र चालूच. म्हणून कल्चरचे रक्त आणि शौच औषध सुरू करण्याआधी द्यावे. औषध आधीच झाले असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, रागावतील म्हणून दडवू नये. कॅप्सूलचे रिकामे पाकीट फेकू नका, बरोबर न्या. नमुना दिल्यावर डॉक्टर लगेच औषध सुरू करा म्हणाले तर करा, रिपोर्टसाठी अडून राहू नका.

टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात अधिक सापडतो, शौचात पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणून डॉक्टर दोन्ही मागतात. पुष्कळ ठिकाणी नुसत्या विडाल तपासणीवर "टायफॉइड आहे" असे सांगतात. ती तपासणी जंतू पाहत नाही, रक्तातल्या प्रतिद्रव्यांवरून अंदाज करते. जुन्या दुखण्यानेही ती फसते. ज्याला परवडेल आणि जमेल त्याने कल्चर मागावे.

नमुना स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावा आणि त्यातला थोडासा, शेम किंवा रक्त असेल तो भाग निवडून, बाटलीत टाकावा. लघवी मिसळू देऊ नये. भांडे फिनेलने धुतलेले असेल तर ते आधी पाण्याने चांगले खळखळून घ्यावे, नाहीतर जंतू बशीपर्यंत पोचण्याआधीच मरतात. शिगेला तर इतका नाजूक की नमुना दोन तासांत पोचला नाही तर तो दगावतो. पाहुण्यांच्या घरून विरार-कल्याणच्या गाडीने आणायचा असेल तर प्रयोगशाळेत विचारून आधी खास बाटली घ्यावी. तिच्यात जंतू जगवणारे द्रव्य असते. बाटलीवर मुलाचे नाव, वय आणि नमुना घेतल्याची वेळ तुमच्यासमोर लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर रांगेतल्या कोणालाही सांगा, त्यात कमीपणा नाही.

आणि चौथ्या दिवशी कागद हातात आला की नुसते जंतूचे नाव वाचून खिशात घालू नका. खाली औषधांची यादी असते. प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर' असे इंग्रजी अक्षर, कोठे कोठे 'आय'. 'एस' म्हणजे लागू पडणारे, 'आर' म्हणजे दाद न देणारे, 'आय' म्हणजे मधले. ते डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळी त्यातली कोणती, तेवढे विचारा. मग तो कागद गावी नेऊन रेशनकार्डाबरोबर ठेवा. घरात पुढे कोणाला ताप निघाला तर तालुक्याच्या डॉक्टरांना तो हवा असेल.